शेअर न विकणारी संस्था
(प्रस्तावना)

लासुर्ण्याच्या शिवारात उसाची जात विचारली की उत्तर आकड्यात मिळते. ‘शहाऐंशी झिरो बत्तीस’, ‘दोनशे पासष्ट’. एखाद्या जुन्या माणसाला छेडले तर ‘चारशे एकोणीस’ची आठवण निघते; तसा ऊस पुन्हा झाला नाही, हे वाक्य तिच्यासोबत येतेच. बेणे कुठून आणले, एकरी किती टन पडले, तुऱ्याचे काय झाले, यावर तासभर बोलणे होते. त्या आकड्यामागची वंशावळ मात्र कोणी काढत नाही. काढली तर ती थेट समुद्रापार जाते. को ४१९ ची आई जावा बेटावरची, पीओजे २८७८. डचांच्या ताब्यातल्या पूर्व जावाच्या संशोधन केंद्राने ती १९२१ मध्ये तयार केली. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने तिचा संकर को २९० शी केला आणि त्यातून निघालेल्या चारशे एकोणीसने दख्खनच्या कालव्यांवर काही दशके राज्य केले. आजच्या ८६०३२ चा एक पालक ६७१, आणि ६७१ ची आई क्यू ६३, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. पुढे पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने आपल्या जमिनीत ८६०३२ च्या चाचण्या घेतल्या आणि महाराष्ट्रात तो वाण ‘नीरा’ या नावाने प्रसारित झाला. नदी आपली, नाव आपले, रक्त मात्र समुद्रापारचेही.

वाण असे देशोदेशी फिरले. ते तयार करणाऱ्या माणसांना मात्र फिरणे इतके सोपे नव्हते. जावातल्या केंद्रात रोज ऊस मोजणारा जावानी माणूस आणि कोइमतूरच्या शेतात तुरे बांधणारा तमिळ माणूस कधी समोरासमोर बसले असतील, असे मला वाटत नाही. त्यांच्या कामाचा निकाल ॲमस्टरडॅम आणि लंडनमार्गे एकमेकांना कळत होता. साम्राज्ये गेली तरी ही वहिवाट बरीच वर्षे टिकली. नैरोबीतल्या शास्त्रज्ञाचे काम पुण्यातल्या शास्त्रज्ञाला कळायचे ते दोघांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या नियतकालिकात छापले तरच. पुढच्या पानांत ज्या संस्थेची ओळख करून दिली आहे, ती या वहिवाटीला कंटाळलेल्या एका माणसाच्या डोक्यातून निघाली.

तो माणूस म्हणजे अब्दुस सलाम. जन्म १९२६ चा, झंग या आताच्या पाकिस्तानातल्या पंजाबी गावचा. केंब्रिजला नाव कमावून १९५१ मध्ये ते लाहोरच्या सरकारी कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून परतले. तिथे ग्रंथालयात नवी नियतकालिके नव्हती, संशोधनाबद्दल बोलायला कोणी नव्हते आणि संशोधन करावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. शिकवण्याव्यतिरिक्त एखादे काम अंगावर घ्या, असे सांगून त्यांच्यापुढे तीन पर्याय ठेवले गेले: वसतिगृहाची देखरेख, हिशेब, किंवा फुटबॉल क्लब. त्यांनी फुटबॉल घेतला. पुढे नोबेल मिळवणारा माणूस मैदानाच्या कडेला उभा राहून पोरांचा खेळ बघतो आहे, हे चित्र ज्यांनी तालुक्याच्या गावी कॉलेजात नोकरी केली आहे त्यांना फार परके वाटणार नाही.

याच काळातली एक हकीकत मुंबईची आहे, आणि ती सलाम स्वतः सांगत असत. भौतिकशास्त्रातला त्या पिढीचा मोठा माणूस वोल्फगांग पाउली होमी भाभांच्या बोलावण्यावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला होता. त्याने लाहोरला सलाम यांना तार केली: मी इथे एकटा आहे, गप्पा मारायला ये. सलाम निघाले आणि मुंबईला पोहोचले. पाउलीशी बोलणे झाले. परतल्यावर त्यांना जाब विचारण्यात आला, कारण परवानगी काढली नव्हती. गैरहजेरीचे दिवस बिनपगारी रजेत धरले गेले. या एका प्रकरणात पुढच्या सगळ्या उद्योगाचे बीज आहे, असे माझे मत आहे. गरीब देशातल्या शास्त्रज्ञाला उपकरणांपेक्षाही आधी लागतात ते बोलायला चार समान माणसे, आणि त्यांच्यापर्यंत जाण्याची, जाऊन परत येण्याची सोय. सलाम यांना ती सोय मिळाली नाही. १९५४ मध्ये ते इंग्लंडला परत गेले. देश सोडायचा की विज्ञान सोडायचे, असा सवाल पुढच्या पिढीपुढे येऊ नये, हे मात्र त्यांनी मनाशी धरले.

१९६४ मध्ये इटलीतल्या ट्रिएस्ते शहरात, एड्रियाटिक समुद्राच्या काठी, त्यांनी सैद्धान्तिक भौतिकशास्त्राचे आंतरराष्ट्रीय केंद्र काढले. तिथली सहयोगी योजना साधी होती. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाने आपल्याच देशात नोकरी करायची आणि काही वर्षांच्या मुदतीत दोन-तीनदा ट्रिएस्तेला येऊन काही आठवडे राहायचे. ग्रंथालय, सहकारी, व्याख्याने सगळे तिथे, आणि मग परत आपल्या गावी. १९७९ मध्ये सलाम यांना नोबेल मिळाले. त्या नावाचे वजन वापरून त्यांनी पुढचे पाऊल टाकले. १९८१ मध्ये रोमच्या एका परिषदेत कल्पना मांडली आणि १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये थर्ड वर्ल्ड अकॅडमी ऑफ सायन्सेस उभी राहिली. औपचारिक उद्‌घाटन १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस पेरेझ द क्वेयार यांच्या हस्ते झाले. पुढे नाव दोनदा बदलले. २०१२ पासून ती ‘द वर्ल्ड अकॅडमी ऑफ सायन्सेस’ आहे. बोलताना सगळे ‘ट्वास’च म्हणतात, आणि पुस्तकातही तेच म्हटले आहे. कार्यालय सलाम यांच्या केंद्राच्या आवारातच आहे. खर्चाचा मुख्य भार इटलीचे सरकार उचलते आणि १९९१ पासून प्रशासन युनेस्कोकडे आहे.

आता सभासदत्वाचे पाहू. पुस्तकाचा गाभा तोच आहे, आणि आपल्या भागातल्या वाचकाचा घोळ होण्याची शक्यताही तिथेच आहे. आपल्याकडे सभासद म्हटले की भवानीनगरचा छत्रपती कारखाना डोळ्यांपुढे येतो. शेअर घेतला, नाव लागले; मग उसाची नोंद, तोडीचा नंबर, सभेत माइक हिसकावण्याचा हक्क, सवलतीची साखर आणि निवडणुकीत मत. म्हातारा गेला की शेअर वारसाच्या नावावर. ट्वासचा शेअर निघत नाही. अर्ज करता येत नाही, स्वतःचे नाव स्वतः सुचवता येत नाही. नाव बहुतेक वेळा आधीचे सभासदच सुचवतात. त्या-त्या विषयाची समिती काम तपासते आणि मग निवड होते. ती दरवर्षी होते आणि एकदा झाली की आयुष्यभराची. साखर नाही, लाभांश नाही. मिळतो तो दुसऱ्याचे नाव सुचवण्याचा हक्क. तो हक्क किती मोठा आहे, हे कारखान्याच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आजघडीला सभासदांची संख्या चौदाशेच्या आसपास असून ते शंभराहून अधिक देशांतले आहेत. त्यांतले साधारण ८५ टक्के विकसनशील देशांत राहून काम करणारे. उरलेले श्रीमंत देशांतले, पण मूळचे विकसनशील देशांतले किंवा तिथल्या विज्ञानाला हात दिलेले. ‘राहून’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. बहुतेक अकादमी माणसाने काय केले एवढेच पाहतात. इथे ते कुठे बसून केले यालाही किंमत आहे. अध्यक्षांची यादीही बोलकी आहे: सलाम यांच्यानंतर ब्राझीलचे व्हार्गास, मग २००० ते २००६ आपले सी. एन. आर. राव, पुन्हा ब्राझीलचे पालिस, चीनचे बाई चुनली, सुदानचे मोहमद हसन आणि २०२३ पासून दक्षिण आफ्रिकेच्या क्वारैशा अब्दुल करीम. एचआयव्हीच्या संशोधनात नाव कमावलेल्या या बाई पहिल्या महिला अध्यक्ष आहेत.

मराठी माणसांचे सभासदांच्या यादीशी नाते जुने आहे. जयंत नारळीकर, रघुनाथ माशेलकर, रोहिणी गोडबोले ही तिन्ही नावे त्यात आहेत. पहिली दोन घराघरांत माहीत असल्याने त्यांच्यावर मी थोडेच लिहितो. नारळीकरांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे; एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करताना त्यांनी विद्यापीठ-कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी सहयोगी योजना आखली: आपल्या गावी शिकवत राहा, अधूनमधून आयुकात येऊन राहा, काम करा, परत जा. ट्रिएस्तेची रीत पुण्यात आली ती अशी. आडगावच्या कॉलेजात खगोलशास्त्राचा नाद लागलेल्या माणसाला लाहोरच्या सलामांसारखे मैदानाच्या कडेला उभे राहायची वेळ येऊ नये, यासाठी ती होती. माशेलकरांबाबत एकच सांगतो. अमेरिकेने १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचे पेटंट एका विद्यापीठाला दिले. माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुराव्यादाखल पुढे केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीबाईच्या बटव्यातली गोष्ट जगाच्या कचेरीत सिद्ध करायला कागद लागतो, तो कागद वाचणारा माणूस लागतो, आणि त्याला जगाने ओळखावेही लागते. अकादमी कशाला हवी, याचे उत्तर या खटल्यात बरेचसे आहे.

रोहिणी गोडबोले यांच्यापाशी थोडे जास्त थांबायला हवे. जन्म १२ नोव्हेंबर १९५२, पुणे. शाळा हुजूरपागा, कॉलेज स. प. त्या काळी शाळेत सातवीपर्यंत मुलींच्या वाट्याला भौतिक-रसायनाऐवजी गृहशास्त्र असे, आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तो अभ्यास आपल्याला वेगळा करावा लागला, असे त्यांनी सांगितले आहे. पुढे मुंबईची आयआयटी, अमेरिकेत पीएच.डी., परत येऊन टाटा संस्था, मुंबई विद्यापीठात बारा-तेरा वर्षे अध्यापन आणि १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. प्रकाशाचा कण एरवी साधा, पण मोठ्या ऊर्जेच्या टकरीत तो अंतर्गत रचना असल्यासारखा वागतो. त्यामुळे नव्या त्वरकांत नको असलेले कण किती निर्माण होतील, हे मान्युएल ड्रीस यांच्याबरोबर त्यांनी मांडले. त्वरकांचे आराखडे करणाऱ्यांना ते हिशेबात धरावे लागले. म्हणजे हजारो कोटींचे यंत्र कसे असावे, यात हुजूरपागेच्या मुलीचे म्हणणे होते.

त्यांचे दुसरे काम मला पहिल्याइतकेच मोठे वाटते. २००८ मध्ये राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी ‘लीलावतीज डॉटर्स’ हा ग्रंथ संपादित केला, शंभराच्या आसपास भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या जीवनकथांचा. लग्न, मुले, नवऱ्याची बदली, ‘घरी कोण बघणार’ हा मुलाखतीतला प्रश्न, सगळे त्यात आहे. ट्वासच्या यादीत आजही बायका कमी आहेत, आणि ज्यांना नावे सुचवायची ते बहुतेक पुरुष, हे त्याचे एक उघड कारण आहे. अकादमीने आपल्याच आश्रयाने विकसनशील देशांतल्या स्त्री-वैज्ञानिकांची वेगळी संघटना उभी केली, तिची पहिली सभा १९९३ मध्ये कैरोला झाली. वेगळी संघटना काढली की मूळ यादी सुधारते असे काही नसते. पण आफ्रिकेतल्या मुलींना दुसऱ्या विकसनशील देशात पीएच.डी. करायला तिची शिष्यवृत्ती मिळते, हे खरे काम आहे. गोडबोले बाई २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात गेल्या.

टीकेचा सूर लागलाच आहे तर पुढचेही बोलून घेतो. नावे बहुतेक सभासदच सुचवत असले की ज्या देशात सभासदच नाही तिथल्या शास्त्रज्ञाचे नाव कोण सुचवणार? चीन, भारत, ब्राझील यांची यादी वाढत जाते आणि लहान देश दाराबाहेर राहतात. श्रीमंत देशांच्या अकादमींनी गरीब देशांशी जे केले, तेच गरिबांतल्या श्रीमंतांनी गरिबांतल्या गरिबांशी करावे, ही गंमत सलाम यांना आवडली नसती. अकादमीला हे ठाऊक आहे. मागे पडलेल्या देशांतल्या आणि स्त्रियांच्या नावांसाठी ती दरवर्षी आवाहन करते. चाळिशीच्या आतल्या संशोधकांना काही वर्षांसाठी तरुण सहयोगी म्हणून घेते. आपल्याकडच्या प्रयोगशाळांतही तिचे काम दिसते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेशी तिचा करार आहे. प्रवासखर्च अकादमीचा, विद्यावेतन परिषदेचे, अशा रीतीने इतर विकसनशील देशांतली मुले-मुली भारतातल्या प्रयोगशाळांत पीएच.डी. करतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्याच परिषदेची आहे. जिथून माणसे शिकायला बाहेर जायची, तिथे बाहेरची माणसे शिकायला येतात, एवढा फरक सलाम यांच्या हयातीत दिसायला लागला होता. १९९६ मध्ये ते वारले.

एक नाते मात्र माझ्या मते या पुस्तकातले सर्वांत सुरस आहे. सलाम यांच्या त्या ट्रिएस्तेच्या केंद्राचे संचालकपद २०१९ पासून अतीश दाभोलकर यांच्याकडे आले. जन्म १९६३, गडहिंग्लज. स्ट्रिंग सिद्धान्त आणि कृष्णविवरांचा अभ्यास करणारा हा माणूस बरीच वर्षे मुंबईत टाटा संस्थेत होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यांचे काका. वडील श्री. अ. दाभोलकर. हे नाव द्राक्षवाल्यांना सांगायला नको. गारगोटीला गणित शिकवणाऱ्या या माणसाने प्रयोग परिवार उभा केला. आपल्या बागेत शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करायचा, पानांची, मुळांची, उन्हाची नोंद ठेवायची आणि ती दुसऱ्या शेतकऱ्याला कळवायची. वर साहेब नाही, खाली लाभार्थी नाही, सगळे एका पंगतीचे. पत्रांवर आणि भेटींवर हे चालले, आणि महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीत त्याचा वाटा मोठा आहे. इंदापूर तालुक्यातही आज द्राक्षाचे मांडव आहेत. बापाने शेतकऱ्यांचे जे जाळे विणले आणि मुलगा शास्त्रज्ञांचे जे जाळे सांभाळतो, त्यांत मला फारसा भेद दिसत नाही. ट्वासचा विचार समजायला अवघड गेला तर ‘विपुलाच सृष्टी’ लिहिणाऱ्या या गणिताच्या मास्तरांपासून सुरुवात करावी.

आपल्या मातीवर विज्ञान नवे नाही. नीरा डाव्या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी आले आणि पंचवीस वर्षांत सखल रानांवर पांढरी फुटली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरोल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर पुस्तिका काढली ती १९१० ची. पाणी जास्त, निचरा नाही, म्हणून क्षार वर येतात, हे तेव्हापासून छापील आहे. तरी चर काढायच्या आधी आपण मोटार चालू करतो. आज चोपणात दोनशे पासष्ट लावला जातो, म्हणजे रान सुधारायचे सोडून रानाला सोसणारा ऊस शोधला. बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे. दुष्काळ, क्षार, उष्णता हाच तिचा विषय. शेजारी वालचंदनगरला इस्रोच्या अग्निबाणांची आवरणे घडतात. त्यांतल्या एस-२०० चा व्यास ३.२ मीटर. अंतराळाकडे जाणारे पोलाद आणि चोपण झालेले रान एकाच तालुक्यात आहे. या दोहोंतल्या कोणत्या कामासाठी माणूस अकादमीत निवडला जाईल, हा प्रश्न वाचकाने मनात ठेवून पुस्तक वाचावे. ट्वासमध्ये कृषिविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, एवढे इथे सांगतो.

पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. घटना-नियमांचे प्रकरण शास्त्राच्या विद्यार्थ्यालाही जड जाईल. ते वगळून पुढे गेलात तर काही बिघडत नाही. शेवटचे प्रकरण मात्र वाचा, नीरेपलीकडच्या फलटणच्या मेंढीचे. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो जातीच्या मेंढ्यांना एका वेळी जास्त कोकरे होतात. त्याला कारण असलेले जनुक शोधले गेले, आणि तेच जनुक सुंदरबनातल्या गरोळ या बुटक्या मेंढीत सापडले. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांबरोबर ते ऑस्ट्रेलियाला पोहोचले असावे, असे मानले जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळमधले हे जनुक दख्खनी मेंढीत आणले. साथ ऑस्ट्रेलियाच्या संशोधन निधीची आणि पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेची होती. नव्या जातीचे नाव नारी सुवर्णा. तिथल्या संशोधकांना जनुकाइतकीच चिंता दुधाची होती. दुष्काळी माळावर चरणाऱ्या मेंढीला जुळी झाली तर ती पोसते. तिळी झाली तर दूध पुरत नाही, आणि धनगराला वरचे दूध पाजत बसायला सवड नसते.

लासुर्णे, ता. इंदापूर